वाटण्यावर जाऊ नका: स्मृती, झोप आणि भान समजून घेण्याची सुरुवात

मेंदूविषयी नव्याने वाचायला घेतलं की माणूस आधी नावांतच अडकतो. हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस, अमिग्डाला, शिवाय अर्धा डझन रसायनं. नावं पुढे सवयीने येतात, त्यांची घाई नको. सुरुवातीला एक गोष्ट पक्की धरा: आपल्या लक्षात किती राहिलंय, आपण किती झोपलो आणि या घडीला आपण किती भानावर आहोत, या तिन्ही बाबतींत मेंदूचा स्वतःबद्दलचा अंदाज कच्चा असतो. त्यामुळे या विषयात शिरायची उत्तम वाट म्हणजे ‘मला काय वाटतं’ हे बाजूला ठेवून बाहेरून तपासायला शिकणं. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने लावल्या आहेत. लागतं ते एवढंच: एक वही, एक पट्टी आणि थोडी चिकाटी.

पहिली पायरी: झोपेची वही

निदान दोन आठवडे रोज सकाळी उठल्याउठल्या एवढं लिहा: दिवा कधी मालवला, डोळा साधारण कधी लागला, रात्री किती वेळा जाग आल्याचं आठवतं, सकाळी कधी उठलात. दिवसा डुलकी काढली असेल तर तीही. रात्री घड्याळ मात्र बघू नका, अंदाजच लिहा. ‘दोन वाजले, आता चारच तास उरले’ हा हिशेब सुरू झाला की आलेली झोपही पळते.

अंदाज चुकणारच आहेत. प्रयोगशाळेत मेंदूलहरींची नोंद चालू असताना नुकताच डोळा लागलेल्या माणसाला उठवलं, तर ‘मी जागाच होतो की’ असं तो पुष्कळदा मनापासून सांगतो. निद्रानाशाचा त्रास असलेले बरेच जण झोप लागायला गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतात आणि एकूण झोप कमी. ते थापा मारत नसतात. त्यांना खरोखरच तसं जाणवलेलं असतं. वही दोन आठवडे ठेवायची ती याचसाठी. एखाद्या रात्रीचा आकडा फसवेल, पण चौदा ओळी एकाखाली एक आल्या की उठण्याच्या वेळा किती पुढेमागे होतात हे लपत नाही.

मनगटी घड्याळ वापरत असाल तर त्याचाही आकडा शेजारी लिहा. फक्त ते हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतं हे विसरू नका. मेंदूलहरी त्याला दिसत नाहीत. एकूण वेळेपुरतं ठीक आहे. ‘गाढ झोप ४७ मिनिटं’ असल्या आकड्यांवर मी तरी दिवसाचा मूड ठरवणार नाही.

दुसरी पायरी: झोप कशाने येते ते ओळखा

अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली एक सोपी मांडणी केली, ती अजूनही नवशिक्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा भार. आपण जितका वेळ जागे, तितकं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन वाढत जातं आणि डोळे जड होऊ लागतात. झोपलं की ते ओसरतं. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं आतलं घड्याळ. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातला सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक छोटा पुंजका ते चालवतो. उजेडापासून तोडून ठेवलं तर माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास चालतं, म्हणजे रोज किंचित मागे पडतं. सकाळचा उजेड डोळ्यांवर आला की ते पुन्हा जागेवर येतं. अशी घड्याळं पेशींच्या पातळीवर कशी चालतात हे फळमाशीत शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबाश आणि मायकल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की रोजचे अनुभव उलगडायला लागतात. रात्रभर जागलात आणि पहाटे डोळे उघडे ठेवणं अशक्य झालं, तरी सकाळी दहाला बरं वाटतं. झोप भरून निघालेली नसते. भार उलट वाढलेलाच असतो, फक्त घड्याळाने दिवसाची हुशारी चालू केलेली असते. ‘मला आता झोपेची गरज नाही’ असं वाटण्याची ही सगळ्यात फसवी वेळ, आणि जागरण करून सकाळी गाडी हाकणारे नेमके इथेच फसतात.

कॅफीनचंही तसंच. ते ॲडेनोसिन कमी करत नाही. ॲडेनोसिन ज्या जागी चिकटून ‘दमलास’ असं सांगतं, त्या जागा अडवून बसतं. दमणूक तशीच राहते, निरोप तेवढा पोचत नाही. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात. कुणाला बरेच कमी, कुणाला बरेच जास्त. दुपारी चारला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री नऊला आणि पाव हिस्सा पहाटे दोनला अंगात असतो. ‘मला कॉफी पिऊनही छान झोप लागते’ म्हणणाऱ्यांना झोप लागते हे खरंच. ती किती उथळ झाली हे त्यांना आतून कळण्याची सोय नसते.

या पायरीवर करायच्या त्या तीनच गोष्टी. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवा आणि उठल्यावर लगेच उजेडात जा. झोपण्याची वेळ ठरवून येत नाही, उठण्याची ठरवता येते. म्हणून दोर तिकडून ओढायचा. आणि दोन आठवडे कॅफीन दुपारी बारानंतर बंद ठेवून वहीत काय फरक पडतो ते बघा.

तिसरी पायरी: रात्रीचा नकाशा

झोप एकसारखी नसते. साधारण नव्वद मिनिटांचा एक फेरा, आणि रात्रीत असे चार ते सहा. प्रत्येक फेऱ्यात आधी पेंग, मग हलकी झोप, मग मोठ्या संथ लहरींची गाढ झोप, आणि शेवटी रेम झोप. या शेवटच्या टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळं झरझर फिरतात, मेंदूलहरी जागेपणासारख्या दिसतात आणि बाकी अंग मात्र लुळं पडलेलं असतं. शिकागोत युजीन ॲझेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ही झोप जगापुढे मांडली. ॲझेरिन्स्कींनी सुरुवातीच्या नोंदी स्वतःच्या लहान मुलाच्या घेतल्या होत्या. पुढे फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर काम करून तिला ‘विरोधाभासी झोप’ म्हटलं. मेंदू जागा आणि शरीर ठप्प, म्हणून.

नवशिक्याने लक्षात ठेवायचा भाग असा: सगळे फेरे सारखे नसतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो, रेमचा मोठा वाटा पहाटे. रोजच्यापेक्षा दोन तास लवकरचा गजर लावला, तर झोप सगळीकडून सारखी कापली जात नाही. रेमला मोठा फटका बसतो. दारूचा परिणामही असाच वाकडा आहे. ती डोळा लवकर मिटवते, पण पूर्वरात्री रेम दाबते आणि उत्तररात्री झोपेचे तुकडे करते. पिऊन झोपलेला माणूस ‘मेल्यासारखा झोपलो होतो’ म्हणतो आणि दिवसभर जांभया देतो, त्यात नवल नाही.

फेऱ्यांच्या सांध्यावर क्षणभर जाग येणं हे मात्र निरोगी झोपेतही होतं. बहुतेक वेळा ते आठवतही नाही. रात्रीतून दोनदा कूस बदलताना जाग आली म्हणून धास्तावू नका.

चौथी पायरी: पट्टी पकडा

झोप पुरते की नाही हे ठरवायला बहुतेक लोक स्वतःला विचारतात: ताजंतवानं वाटतंय का? हा प्रश्नच कमकुवत आहे. हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांची सतर्कता दिवसागणिक घसरत गेली, एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला पोचली. त्यांना स्वतःला मात्र सुरुवातीच्या काही दिवसांनंतर झोपेची ओढ फारशी वाढलेली वाटली नाही. घसरण चालू राहिली, जाणीव थांबली.

म्हणून एक साधी चाचणी करा. तीस सेंटिमीटरची पट्टी दुसऱ्या कुणाला तरी वरच्या टोकाला धरायला सांगा, शून्याची खूण खाली. तुमचा अंगठा आणि तर्जनी त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, स्पर्श न करता. समोरच्याने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. वीस सेंटिमीटरवर पकडलीत तर साधारण ०.२ सेकंद लागला. पूर्ण तीस सेंटिमीटर सुटून गेली तर पाव सेकंदाच्या वर. रोज एकाच वेळी, सलग वीस वेळा करा.

आता नेमकी कुठे नजर ठेवायची ते बघा. पहिल्या चार-पाच पकडी जवळजवळ नेहमीच चांगल्या येतात, कारण दमलेला मेंदूही थोडा वेळ जोर लावू शकतो. बाराव्या-पंधराव्या खेपेला हाताला कंटाळा येतो, आणि तिथे एखादी पट्टी सरळ खाली पडते. तुम्ही तिच्याकडे बघत असता, डोळे उघडे असतात, तरी बोटं मिटत नाहीत. झोप अपुरी असली की असं वारंवार होतं. तेव्हा सरासरी काढत बसू नका, सुटलेल्या पट्ट्या मोजा. कमी झोपलेला माणूस सगळा वेळ थोडा मंद नसतो. तो बराच वेळ ठीक असतो आणि अधूनमधून हजरच नसतो. पट्टी पडली तर वाकून उचलता येते. गाडी चालवताना तीच चूक महागात पडते. घरगुती चाचणी ढोबळच आहे, तिच्यावरून रोगनिदान करायचं नाही. पण सात-आठ तासांची झोप झालेला आठवडा आणि सहा तासांचा आठवडा असे दोन शेजारी ठेवून बघाच.

पाचवी पायरी: पाठ झालंय का, ते विचारा

वहीचा दुसरा भाग स्मृतीसाठी. वीस नवे शब्द घ्या, परक्या भाषेतले असतील तर उत्तम. निम्मे शब्द नुसते पुन्हापुन्हा वाचा. उरलेले एकदा वाचून कागद झाका आणि आठवून लिहा. चुकलेले बघा, पुन्हा झाका. दोन्हींना वेळ सारखाच द्या. आठवड्याने स्वतःची परीक्षा घ्या.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांकडून गद्य उताऱ्यांवर असंच करून घेतलं. पाच मिनिटांनी विचारलं तर नुसतं पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं भाकीत कुणी केलं होतं? घोकणाऱ्यांनी. वाचलेलं पुन्हा वाचताना ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असं मेंदू धरून चालतो.

विसरण्याचा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो हेर्मान एबिंगहाउस यांनी, १८८५ साली, निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून. पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते, हे त्यांचं माप. तासाभराने सुमारे ४४ टक्के वाचायची, नऊ तासांनी ३६, एका दिवसाने ३४, दोन दिवसांनी २८. हे आकडे जरा रेंगाळून बघा. नऊ तास ते एक दिवस या टप्प्यात घसरण जवळजवळ थांबलेली आहे, आणि त्या टप्प्यात एक रात्र आहे. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर हेच मुद्दाम तपासलं: पाठ करून झोपलेल्यांना, तेवढाच वेळ जागे राहिल्यापेक्षा बरंच जास्त आठवलं. झोपेत नवी माहिती येऊन आधीचीला धक्का लावत नाही, एवढंच तेव्हा धरलं गेलं. पुढे १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, वेगळंच दिसलं. दिवसा विशिष्ट जागी फिरताना ज्या पेशी एकत्र पेटत, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र पेटत होत्या. म्हणजे झोपेत नुसती शांतता नसते, दिवसाची उजळणीही चालते.

यातून निघणारी पद्धत सोपी आहे. संध्याकाळी शिका, झोपण्याआधी एकदा झाकून आठवा, रात्र नेहमीसारखी झोपा, सकाळी पुन्हा आठवा. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास सकाळपुरता तग धरतोही, पण त्याची उजळणी करणारी रात्रच तुम्ही कापून टाकलेली असते.

स्मृती म्हणजे एकच एक गोष्ट नाही, हेही याच पायरीवर समजून घ्या. हेन्री मोलायसन यांच्या फिट्स थांबवण्यासाठी १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बहुतांशी काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत नव्या घटना त्यांच्या लक्षात राहत नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला, आणि दर खेपेला मोलायसन यांच्या मते ते हे काम पहिल्यांदाच करत होते. हाताला येत होतं, माणसाला ठाऊक नव्हतं. सायकल, वाद्य, टंकलेखन या गोष्टी वेगळ्या यंत्रणेत मुरतात. त्या तपासायच्या तर करून बघाव्या लागतात, आठवून नाही.

सहावी पायरी: खात्रीने आठवणाऱ्या गोष्टींची पडताळणी

हे छोटंच काम आहे. एखादा प्रसंग घडला की त्याच दिवशी, कुणाशी चर्चा करण्याआधी, पाच ओळी लिहून ठेवा. तीन महिन्यांनी वही न उघडता पुन्हा लिहा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना ‘धडकल्या’ तेव्हा किती. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का. काच नव्हतीच. पहिल्या गटात ३२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं, दुसऱ्यात १४. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना हाताशी असलेलं काहीही तिच्यात मिसळतं. घरातल्या जुन्या भांडणात दोन्ही बाजू इतक्या ठाम का असतात, ते यावरून कळावं.

सातवी पायरी: भानाच्या अवस्था

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा: माणूस जागा आहे का, आणि त्याला काही जाणवतंय का? गाढ झोपेत दोन्हींची उत्तरं बहुधा ‘नाही’. स्वप्नात पहिल्याचं ‘नाही’, दुसऱ्याचं ‘हो’. शस्त्रक्रियेची भूल ही झोप नव्हेच. झोपलेला माणूस हलवल्यावर उठतो, भुलीतला सुरी लावली तरी उठत नाही. आणि मेंदूला मोठी इजा झालेले काही रुग्ण डोळे उघडतात, मिटतात, पण कशालाच प्रतिसाद देत नाहीत. अशा एका तरुणीला एड्रियन ओवेन यांच्या गटाने एमआरआय यंत्रात ठेवून ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ असं सांगितलं, तेव्हा निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग सक्रिय होतो तोच तिच्याही मेंदूत झाला. २००६ सालची ही गोष्ट. बाहेरून बघणंही प्रत्येक वेळी पुरत नाही, तेही कुठून आणि कशाने बघता यावर असतं.

स्वतःवर करायचा प्रयोग सोपा आहे. सकाळी जाग आल्यावर हलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा, आणि शेवटचं काय दिसत होतं ते धरा. एखादा तुकडा हाती लागला की मागे मागे जा, मगच वही घ्या. काही आठवड्यांत ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ म्हणणाऱ्यांचीही पानं भरू लागतात. स्वप्नातच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं यावर कितीतरी काळ कुणाचा विश्वास नव्हता. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी त्यावर तोडगा काढला. रेममध्ये अंग लुळं असतं, डोळे नाही. म्हणून झोपणाऱ्याशी आधी ठरवून, स्वप्नातून डोळ्यांच्या डाव्या-उजव्या हालचालींची खूण टिपली. स्टीफन लाबर्ज यांनीही अमेरिकेत स्वतंत्रपणे तेच दाखवलं. असं स्वप्न मुद्दाम पाडण्यासाठी मध्यरात्री गजर लावण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात; ज्यांची झोप आधीच तोकडी आहे त्यांनी त्यांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जाग आली, पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खोलीत कुणीतरी आहे असं भासतं. यात रेममधला लुळेपणा जाग आल्यावरही थोडा वेळ रेंगाळलेला असतो. काही सेकंद ते काही मिनिटं. श्वासाचा मुख्य स्नायू चालू असतो, गुदमरत नाही. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. बोटाचं टोक किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा आणि थांबा.

वही घेऊन डॉक्टरांकडे कधी जायचं

मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबल्याचं शेजारी झोपणाऱ्याने सांगणं. पुरेसं झोपूनही दिवसा बसल्याबसल्या डुलक्या. हसताना किंवा राग आल्यावर गुडघ्यातलं बळ एकाएकी जाणं. उतारवयात झोपेत लाथा-ठोसे मारणं, स्वप्न अंगाने खेळल्यासारखं. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप न लागणं; यावर पहिला उपाय गोळ्या नसून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत असते, तेव्हा तिच्याबद्दल विचारा. नुकत्याच झालेल्या संभाषणाचा पूर्ण विसर पडून तोच प्रश्न वारंवार विचारणं. या सगळ्यासाठी वेळ घेऊन जाता येतं. मात्र कुणी हाक मारून, हलवूनही शुद्धीवर येत नसेल, किंवा एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, तर वाट बघू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. आणि घोरणं वा झोपेतल्या हालचाली यांसाठी जाताना शेजारी झोपणाऱ्यालाही बरोबर न्या. त्यातलं बरंचसं तुम्हाला स्वतःला सांगता येणार नाही.